तव्यापासून तोंडापर्यंत

बर्गर हा थांबणारा पदार्थ नाही. तव्यावरून उतरला की तो लगेच खायचा, मग तो घरच्या ओट्यावर झालेला असो की कॅम्पातल्या एखाद्या छोट्या हॉटेलात. इतकी वर्षं घरी बर्गर करताना आणि पुण्यात हिंडून खाताना जे हाती लागलं, ते सगळं फिरून याच गोष्टीपाशी येतं.

१. खिमा डोळ्यांसमोर काढून घ्यावा

मटणाचा बर्गर करायचा तर आधीच काढून ठेवलेला खिमा घेऊ नये. मांडीचं किंवा खांद्याचं मटण निवडावं, थोडी चरबी वेगळी मागून घ्यावी आणि दोन्ही एकत्र करून जाड जाळीतून एकदाच काढायला सांगावं. पाच भागांत एक भाग चरबी असली की प्रमाण बरोबर बसतं. आपल्याला ‘चरबी काढून द्या’ म्हणायची सवय असते. खिमा-मटारला ते ठीक आहे, पण बर्गरचा रस म्हणजे ती वितळलेली चरबीच. ती नसली की टिक्की कोरडी आणि चिवट होते. चिकनचा करायचा असेल तर छातीऐवजी मांडीचं मांस घ्यावं. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय आणि बैल या दोन्हींचं मांस बंद आहे, म्हशीचं मिळतं. खाणाऱ्यांनी तेही याच हिशोबाने घ्यावं.

२. मीठ अगदी शेवटी

सीख कबाबाचा खिमा मीठ घालून भरपूर मळतात, कारण तो सळईला धरून राहायला हवा. मिठाने मांसातली प्रथिनं सुटतात, चिकट होतात आणि सगळा खिमा एकजीव होतो. बर्गरला नेमकं हेच नको असतं. तिथे मांसाचे कण सुटे राहिले तर टिक्की घासाबरोबर मोकळी होते. म्हणून हलक्या हाताने गोळे करावेत, ते फ्रिजमध्ये ठेवावेत आणि मीठ-मिरपूड तव्यावर टाकताना वरून भुरभुरावी. आलं-लसूण, कोथिंबीर, अंडं, ब्रेडचा चुरा घातला तर उत्तम कबाब होतो. तो कबाब म्हणूनच खावा.

३. बिडाचा तवा, आणि पहिलं अर्धं मिनिट

सगळा खेळ इथे आहे. तवा बिडाचा हवा, जड हवा आणि चांगला तापलेला हवा, इतका की पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडून गेला पाहिजे. नॉनस्टिक तव्याला एवढी आच देता येत नाही. थंड गोळा तव्यावर टाकला की वर बटर पेपरचा तुकडा ठेवून सपाट बुडाच्या जड वाटीने लगेच दाबायचा, बोटाच्या अर्ध्या जाडीचा होईपर्यंत. हे दाबणं पहिल्या अर्ध्या मिनिटातच उरकावं. तोवर चरबी वितळलेली नसते, त्यामुळे दाबलं तरी रस जात नाही. नंतर उलथण्याने दाबत बसलं तर रस तव्यावर, आणि कोरडी टिक्की आपल्या ताटात.

दाबण्याचं कारण असं की जितकं मांस तव्याला चिकटेल तितकं ते खरपूस होतं. प्रथिनं आणि साखर आचेवर एकत्र आली की तो तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास येतो. लुई कामिय मेयार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९१२ साली ही क्रिया मांडली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. दोनेक मिनिटांत कडेला आंबोळीसारखी बारीक जाळी येते, वरचा गुलाबी रंग करडा होऊ लागतो आणि मधूनमधून रसाचे थेंब वर दिसतात. तेव्हा पत्र्याच्या उलथण्याने खरवडून, खालचा खरपूस थर न सोडता, एकदाच उलटायचं. लगेच चीजची स्लाइस ठेवायची आणि वर झाकण.

आणखी एक प्रकार करून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात १९२०च्या दशकात मांस महाग आणि कांदा स्वस्त म्हणून कच्च्या टिक्कीवर मूठभर कांदा दाबून बसवू लागले. पलीकडचं दिसेल इतका पातळ चिरलेला कांदा टिक्कीवर पसरून दाबायचा आणि उलटायची. खाली गेलेला कांदा चरबीत शिजून गोड होतो, कडा काळपट होतात. काटकसरीतून जन्मलेल्या या बर्गरपुढे मला कुठलाही महागडा बर्गर फिका वाटतो.

पण खिमा आतून कच्चा ठेवू नये. अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुधा बाहेरून असतात, खिमा करताना ते आत मिसळतात. मटण आतपर्यंत ७१ अंश आणि चिकन ७४ अंश सेल्सियस तापलं पाहिजे. टिक्की पातळ असली की हे आपोआप साधतं, जाडजूड टिक्कीत मात्र बाहेर करपून आत कच्चं राहायची भीती असते.

४. पाव

बेकरीत भट्टीतून बन कधी निघतात ते विचारून त्या वेळेला जावं. पिशवीत बांधून आलेल्या बनपेक्षा कोपऱ्यावरच्या बेकरीतला त्याच दिवसाचा बन केव्हाही सरस. दूध-लोण्याचा बन मऊ असतो आणि रस धरूनही फुटत नाही. छोट्या टिक्क्यांना लादीपावही छान लागतो. मात्र दोन्ही कापांना लोणी लावून, तव्यावर कापलेली बाजू सोनेरी होईपर्यंत भाजायलाच हवी. त्या भाजलेल्या पापुद्र्यामुळे रस पावात एकदम मुरत नाही आणि शेवटचा घास हातात लगदा होऊन येत नाही.

५. बटाट्याला कमी लेखू नये

१९९६ साली मॅकडोनाल्ड्सने दिल्लीत आणि मुंबईत वांद्र्याला दुकानं उघडली, तीही गोमांसाशिवाय. पुढे त्यांच्या आलू टिक्कीने किती मराठी मुलांना बर्गर म्हणजे काय ते शिकवलं! घरी करताना बटाटे सालासकट उकडावेत आणि रात्रभर फ्रिजमध्ये पूर्ण गार करावेत. गार झाल्यावर त्यातला स्टार्च बसतो आणि चिकटपणा जातो. मग किसून, भिजवलेल्या पोह्यांचा मूठभर लगदा घालून टिक्क्या थापाव्यात. मैद्याच्या पातळ पिठात बुडवून, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळाव्यात. पुदिन्याची चटणी आणि कच्चा कांदा एवढंच वर पुरे.

६. भर कमी

टोमॅटो, काकडी, लेट्यूस, दोन सॉस, तळलेलं अंडं, पुन्हा चीज. यातल्या तीन गोष्टी निवडाव्यात. तोंडात मावत नाही तो बर्गर मला बर्गर वाटत नाही.

७. पंगत मांडू नये

आमच्याकडे हे रुळायला वेळ लागला. “अगं, सगळ्यांचं वाढून होऊ दे, मग बसू,” असं सासूबाई म्हणायच्या आणि पहिले दोन बर्गर झाकून ठेवायच्या. झाकलं की वाफ धरते, पाव ओला होतो. भाजीभाकरीला चालणारा नियम इथे चालत नाही. आता ज्याचा झाला त्याने खायला लागायचं, तवा सांभाळणाऱ्याने शेवटी. सासूबाई ओट्याजवळ खुर्ची घेऊन बसतात आणि पहिला मागून घेतात.

८. पार्सलपेक्षा टेबल बरं

पुण्याची बर्गरची आवड परदेशी साखळ्यांच्या आधीची आहे. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटला ‘बर्गर किंग’ या नावाचं हॉटेल एक पुणेकर इराणी कुटुंब १९९० च्या दशकापासून चालवत आलं आहे. त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने २०११ साली त्यांच्यावर दावा लावला, पण तिचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं २०१४ मध्ये. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने तो दावा फेटाळला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. नावाचा निकाल न्यायालय देईल. पण कॉलेजातल्या मुलांच्या किती पिढ्या त्या रस्त्यावर बर्गर खाऊन मोठ्या झाल्या, हे त्यांचं कुणीही काढून घेऊ शकत नाही.

अशी छोटी हॉटेलं टिकावीत असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी आपण तिथे जाऊन बसायला हवं. मागे एका ठिकाणाहून घरी मागवलेला बर्गर पाऊण तासाने आला. खोक्यात कोंडलेल्या वाफेने पाव भिजला होता, चीज घट्ट झालं होतं, लेट्यूस शिजलं होतं. त्याच आचाऱ्याच्या हातचा बर्गर त्याच्या टेबलावर बसून खाल्ला तेव्हा तो फर्मास होता. घरपोच मागण्या वाढल्या की छोटी हॉटेलंसुद्धा टिक्क्या आधी भाजून ठेवायला लागतात, आणि मग समोर बसलेल्यालाही तेच मिळतं. म्हणून बसायच्या आधी मी विचारते, “टिक्की आत्ता टाकणार ना?” हो म्हणाले तर बसते. दुपारी साडेतीन-चारला जावं. तवा मोकळा असतो, आचाऱ्याला दोन शब्द बोलायला सवड असते, आणि “दादा, कडा जरा खरपूस येऊ द्या” म्हटलं तर तो आनंदाने करून देतो.