पावसाच्या आत मोजून घ्या

धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या सास्तूरच्या माणसाला सरकारी कागदाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं गाव जमीनदोस्त केलं आणि त्यानंतरचे संसार पंचनाम्यांवर, याद्यांवर उभे राहिले. म्हणून आमच्याकडची जुनी माणसं आजही बजावतात, "कागद आपल्या हातात पाहिजे." खरंच आहे. पण कागद वेळेत हातात आला नाही तर काय होतं, ते मी आमच्या शिवारातल्या नाल्यावर पाहिलं.

एका उन्हाळ्यात नाला खोलीकरणासाठी पोकलेन आलं. वरच्या अंगाला काम बरं झालं. वळणाच्या खाली मात्र नुसती कड खरवडली. तिथली बाभळीची झुडपं नाल्याच्या तळात तशीच उभी होती. मशीन निघून गेल्याबरोबर आम्ही माहिती अधिकारात अर्ज टाकला. ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ते आलं नाही. पहिलं अपील केल्यावर कागद मिळाले, तोवर मृग आणि आर्द्रा बरसून गेल्या होत्या. मोजमाप पुस्तिकेत वळणाखालीही वरच्याइतकीच खोली लिहिलेली! टेप घेऊन नाल्यावर गेलो, तर सगळीकडं गाळ. साहेब म्हणाले, "खोदलं होतं, गाळ वाहून आला." हे खोटं पाडायला आमच्या हातात काहीच नव्हतं. देयकही निघून गेलं होतं.

इमारतीचं काम कित्येक वर्षांनीही मोजता येतं. मातीकामाचा पुरावा पहिल्याच पुरात जातो. जलसंधारणाच्या कामात हिशेब मागायचा तर तो पावसाच्या आत मागावा लागतो, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रश्न एका नाल्याचा नाही. २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करायचा म्हणून डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं. त्यावर ९ हजार ६०० कोटींहून अधिक रुपये खर्च होऊनही भूजल वाढवण्यात फारसं यश आलं नाही, असं कॅगचा २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेला अहवाल सांगतो. पण कॅग तपासणार नमुन्यादाखल काही गावं, तीही पैसा खर्ची पडल्यावर. आपल्या बांधापर्यंत ती तपासणी यायची नाही. तिथं गावकऱ्यांनाच उभं राहावं लागतं.

पुढच्या खेपेला शेजारच्या ओढ्यावर काम निघालं, तेव्हा आम्ही जे केलं ते क्रमानं सांगतो.

काम सुरू होण्याआधीच अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि कार्यारंभ आदेशाच्या प्रती माहिती अधिकारात मागा. 'सगळी माहिती द्या' असं मोघम लिहू नका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे; त्यावर बोट ठेवून अर्ज परत करता येतो. कामाचं नाव, गट क्रमांक आणि हवे ते कागद एवढंच लिहा. मुदतीत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. मुदत उलटल्यावर माहिती फुकट द्यावी लागते, हेही ध्यानात असू द्या. कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. तोही अर्जात मागा.

मशीन चालू असतानाच मोजा. अंदाजपत्रकात ज्या साखळी क्रमांकावर, म्हणजे कामाच्या सुरुवातीपासून जितक्या अंतरावर, माप धरलंय, तिथंच तळाची रुंदी, माथ्याची रुंदी आणि खोली घ्या. फोटोत टेपचा आकडा वाचता यावा आणि मागं विहीर, लिंबाचं झाड अशी न हलणारी खूण दिसावी. वहीत तारीख लिहून हजर असलेल्यांच्या सह्या घ्या.

माप कमी भरलं तर देयक निघण्याआधी लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला आवक क्रमांक नसतो, त्यामुळं तिचा पाठपुरावाही होत नाही.

मग विषय ग्रामसभेत न्या. ठराव इतिवृत्तात उतरला की नाही, ते वाचून पाहा. काम रोजगार हमीचं असेल तर सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार रोजगार हमीच्या कायद्यानं ग्रामसभेलाच दिला आहे.

आणि हे एकट्यानं करू नका. ठेकेदार बहुधा ओळखीतला, पाव्हण्यातला निघतो. एकटा बोलला की ते भांडण ठरतं. ज्यांची शेतं त्या पाण्यावर आहेत ते सगळे मिळून बोलले की ती गावाची मागणी होते. बायांना आवर्जून सोबत घ्या. विहीर आटली की लांबून पाणी आणायची पाळी त्यांच्यावरच येते.

ओढ्याची आमची हरकत पावसाआधी पोचली. अभियंते आले, आमच्यासमोर माप घेतलं आणि राहिलेला तुकडा खोदल्यावरच देयक पुढं गेलं. कुणाची बदली झाली नाही, कुणावर गुन्हा नोंदला नाही. आम्हाला ते नकोच होतं. आम्हाला खोली हवी होती.

दुष्काळ आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या पाचवीला पुजलेला आहे. इथं कागदावर मुरलेलं पाणी कुणाची तूर वाचवत नाही. तुमच्या शिवारात यंदा काम मंजूर असेल, तर मशीन यायच्या आधी अंदाजपत्रकाचा अर्ज टाका आणि टेप विकत आणून ठेवा.