रॅकेट का थरथरते?

पावसाळ्यात मैदाने भिजली की बदलापुरातील आमचे विद्यार्थी दालनात बॅडमिंटन खेळू लागतात, आणि मग "सर, रॅकेट फार थरथरते" ही तक्रार नेमाने आमच्या कानी येते. आपल्या गावावरून जाणारा लोहमार्ग ज्या पुण्यास पोहोचतो, तेथेच १८७० च्या दशकात इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत व त्यास 'पूना' म्हणत. अशा या जवळच्या खेळाच्या साधनाची थोडी चिकित्सा करू.

फुलाचे वजन अवघे ४.७४ ते ५.५० ग्रॅम असते. तथापि वेगाने येणाऱ्या रॅकेटवर ते आदळताच तारा व चौकट वाकतात, आणि पूर्वस्थितीस येताना कंप पावतात. ताणलेल्या तारांचा कंप शीघ्र असल्याने तो आपणांस ऐकू येतो. चौकटीचा व दांड्याचा कंप त्या मानाने मंद असल्याने तो हातास जाणवतो. तारांच्या मध्याजवळ फूल लागले असता हा दुसरा कंप फारच थोडा उत्पन्न होतो. तेच कडेस लागले म्हणजे रॅकेट मुठीत पिळवटते व थरथर वाढते.

याचे परिणाम दोन. कंपात गेलेली शक्ती फुलास मिळत नाही; म्हणून जोर लावूनही फूल जवळच पडते. शिवाय मूठ सदैव आवळून धरल्यास कंप मनगट व कोपरापर्यंत पोहोचतो. म्हणून मूठ सैल ठेवून केवळ फटक्याच्या क्षणी आवळावी. आणि कोपर दुखू लागल्यास ते न लपविता खेळ थांबवावा.

गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थ्यास त्याच्या आईने काटकसर करून नवी रॅकेट घेऊन दिली. तीही थरथरू लागली! तेव्हा आम्ही त्यास दर फटक्यापूर्वी फुलाच्या बुचास कोरडा खडू चोळावयास सांगितले. वीस फटक्यांनंतर पाहतो तो, तारांवरील बहुतेक पांढरे ठिपके कडेस! मुलगा ओशाळला, पण महिनाभराच्या सरावाने ठिपके मध्याकडे सरकले व तक्रार मिटली.

पालकांनीही नवी रॅकेट घेण्यापूर्वी हा प्रयोग करवून घ्यावा. ठिपके मध्यभागी असूनही थरथर राहिली, तर चौकटीस चीर पडली आहे काय, तारा ढिल्या आहेत काय, मुठीचे वेष्टण सुटले आहे काय, हे पाहावे. एरवी 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आठवावी, आणि पुन्हा सरावास लागावे.