खिशातला कांदा ऊन अडवत नाही

"आपल्याकडे कुठे चंद्रपूर-नागपूरसारखं ऊन? खाडीचा वारा आहे की!" एप्रिल उजाडला की माझ्या पनवेलच्या दवाखान्यात हे ऐकू येतंच. असं म्हणणाऱ्यांनी १६ एप्रिल २०२३ आठवावा. शेजारच्या खारघरला, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेल्या १४ जणांचा उन्हाने जीव घेतला. पारा चाळिशीच्या आतच होता. दमट हवेत घाम गळतो पण वाळत नाही, आणि तो वाळल्याशिवाय अंग निवत नाही. म्हणूनच मैदानी भागात ४० अंशांना उष्णतेच्या लाटेचा विचार करणारं हवामान खातं किनाऱ्यावर तो ३७ लाच करतं.

त्या धक्क्यानंतर सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावरच्या कार्यक्रमांना मनाई केली. माझ्या रुग्णांनीही न सांगता वेळा बदलल्या. कुणी हळद संध्याकाळी ठेवली, कुणी मुलांचं क्रिकेट सकाळी आठलाच आटोपतं घेतलं. एका सोसायटीने वॉचमनची खुर्ची सावलीत नेली, तर समोरच्यांनीही नेली. चांगली सवय अशीच पसरते, आणि त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण भीती ओसरली की मंडळी पुन्हा बाराच्या मुहूर्ताला मांडवात! अहमदाबादमध्ये २०१० च्या मे महिन्यात उष्णतेने शेकड्यांनी माणसं गेली. त्या शहराने ते विसरू दिलं नाही, २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडाच आखला. आपणही आपल्या गल्लीपुरतं एवढं करू शकतो.

आता कांद्याबद्दल. मागे एका रिक्षावाल्या दादांना मुलगा घेऊन आला. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, मुलालाही ओळखेनात. शर्टाच्या खिशात कांदा, तळपायांना कांद्याचाच रस, वर तापाची गोळी. "मोबाइलवर आलं होतं," मुलगा म्हणाला. "शिवाय घाम येत होता, म्हणून वाटलं उष्माघात नसेल." दादा वाचले, पण या उपचारांत लाखमोलाचा वेळ गेला. घाम येत असतानाही उष्माघात होतो. तापाची गोळी इथे चालत नाही, कारण हा जंतूंचा ताप नव्हे. फॉरवर्ड करणाऱ्याला उत्तर द्यायचं नसतं, मला रुग्णाच्या बायकोला द्यायचं असतं.

उन्हातून आल्यावर नुसतं गरगरलं, पायात गोळे आले तर घाबरू नका. सावलीत बसून ओआरएस घ्या, बहुतेक जण सावरतात. मात्र माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, फिट आली किंवा शुद्ध हरपली, तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, काखेत, जांघेत आणि मानेला बर्फ ठेवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या आजी-आजोबांनी ती मनाने बंद करू नये. उन्हाळ्यात मात्रा बदलायची का, हे आताच येऊन विचारा.