आधी मैदान द्या

जालना जिल्ह्यातल्या बदनापुरात मी शाळेत खेळ शिकवते. पालकसभेत पूर्वी गणित-इंग्रजीचे मार्क निघायचे, आता पहिलं वाक्य ठरलेलं असतं: पोरगं मोबाइल सोडत नाही. माझ्यापुढची मुलं-मुली आठवी ते दहावीतली, तेरा ते सोळा वयाची. त्यांच्याबरोबर मैदानावर राहून जे ध्यानात आलं, ते लिहिते.

1. मोबाइल हिसकावला म्हणून कोणी मैदानावर येत नाही.

मोबाइल काढून घेतला की मूल मित्राच्या घरी जाऊन बसतं, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून राहतं. रिकामा झालेला तास कशाने भरायचा, हे त्याला कोणीच सांगितलेलं नसतं. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने नोव्हेंबर 2022 मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलांचे आणि मोठ्यांचेही. मराठवाड्यातही, धाराशिव जिल्ह्यातल्या जकेकूरवाडीने असा प्रयोग केला. मला ही दुसरी वाट पटते, कारण तिच्यात बापाचा मोबाइलही खाली ठेवला जातो. आमच्याकडे असा भोंगा वाजणार असेल तर तो साडेपाचला वाजावा, अशी माझी इच्छा आहे. अभ्यासाला रात्र आहे. खेळायला उजेड लागतो.

2. सोबत मिळाली की पाय आपोआप निघतात.

घरून किराणा आणायला सांगितलं तर गाडीची किल्ली मागणारी मुलं नवरात्रात सोमठाण्याला रेणुकामातेच्या दर्शनाला भल्या पहाटे पायी निघतात. त्यांना कोणी ढकलत नाही. चार मित्र दाराशी येऊन हाका मारतात, एवढंच. म्हणून मी एकट्या मुलाला "खेळायला येत जा" असं सांगत नाही. गल्ली धरते. एका गल्लीतले तिघे आले की चौथा ओट्यावर बसून राहू शकत नाही. मोबाइलवरच्या गेममध्येसुद्धा ही मुलं टोळी करूनच खेळतात. त्यांना सोबत्यांचीच भूक आहे.

3. वेळापत्रकातला खेळाचा तास आणि प्रत्यक्षातला तास यांत फार अंतर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शनात 5 ते 17 वयासाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं अशी हालचाल सांगितली आहे, जिच्यात श्वास वाढतो. शिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस जोराचा, हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम. शाळेचा तास धरा: वर्गातून रांग लागते, हजेरी होते, साहित्य निघतं, आणि उरलेल्या वेळात अर्धी मुलं आपल्या पाळीची वाट बघत उभी असतात. त्यात परीक्षा जवळ आली की पोर्शन पूर्ण करायला पहिल्यांदा खेळाचाच तास मागितला जातो. दहावीला तर तो कागदावरच राहतो. म्हणून शाळेवर विसंबून चालत नाही, संध्याकाळ लागतेच. तासातही मी रांगेचे खेळ कमी केले आहेत. त्यांच्याऐवजी लंगडी, साखळी असे खेळ घेते, ज्यांत सगळे पळतात.

4. मुलींच्या हातात मोबाइल कमी, आणि खेळही कमी.

सगळा दोष मोबाइलचा असता, तर ज्यांच्याकडे तो कमी त्या मुली जास्त खेळल्या असत्या. 'असर' या 2023 च्या ग्रामीण शिक्षण-पाहणीत, ज्यात आपल्या राज्यातून नांदेड जिल्हा होता, 14 ते 18 वयाच्या स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये 19.8 टक्के. आणि हालचालीचं बघा. 146 देशांतल्या 11 ते 17 वयाच्या शाळकरी मुलांचा अभ्यास 2019 मध्ये 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात आला. पुरेशी हालचाल न करणारी मुलं 78 टक्के, मुली 85 टक्के. भारताचे आकडे जगाच्या मानाने थोडे बरे निघाले. त्याचं कारण अभ्यासकांनी सुचवलं ते असं, की इथली मुलं क्रिकेट खेळतात आणि मुली घरकाम करतात.

ते वाचून मला वर्गातल्या मुलीच दिसल्या. दिवाळीच्या पुढेमागे कापसाची वेचणी सुरू झाली की सुटीच्या दिवशी त्या शेतात असतात. इतर दिवशी पाणी, भांडी, धाकटी भावंडं. अंग झिजतं, ते मोजलंही जातं, पण त्याला मी खेळ म्हणणार नाही. खेळात मुलगी दोघींना हुलकावणी देऊन निसटते, ओरडते, भांडते, हरून पुन्हा उभी राहते. भांडी घासताना यातलं काय होतं?

सातवी-आठवीत खेळ सुटतो तो एका वाक्याने. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "मॅडम, पोरगी आता शहाणी झाली. कामून पळवता तिला?" मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांना मैदानावर बोलावलं. त्या कडेला निंबाखाली बसल्या, आणि नातीने खो-खोच्या पाटीवरून उठून खांबापर्यंत सूर मारला तेव्हा पदर सावरत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी नात ट्रॅक पँट घालून आली. घरच्यांनी मैदान डोळ्यांनी बघितलं की निम्मी भीती जाते. बाकीची भीती अंधाराची, रस्त्याची आणि लोकांच्या बोलण्याची असते. ती खरी आहे, आणि ती आपणच कमी करायची आहे. म्हणून मुलींचा सराव दिवस मावळायच्या आत संपवते आणि एका वाटेच्या मुलींना एकत्रच सोडते.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं आणि संघाची कर्णधार होती आपल्या बीड जिल्ह्यातली प्रियांका इंगळे. त्या आठवड्यात मला कोणालाही बोलवावं लागलं नाही. मुली माझ्याआधी फक्की घेऊन रेषा आखायला हजर होत्या.

5. जिला धाप लागते तिला आळशी म्हणू नका.

एका फेरीत ओठ पांढरे पडणारी, छातीला हात लावून खाली बसणारी मुलगी दरवर्षी असते. तिला मी आधी रक्त तपासायला पाठवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी पुष्कळ मुली मळमळतं म्हणून दप्तरात ठेवतात. जेवण झाल्यावर गोळी घ्यावी आणि लगेच वर चहा पिऊ नये, एवढं सांगितलं तरी फरक पडतो. रक्त भरलं की तीच मुलगी "मॅडम, अजून एक डाव" म्हणते.

6. भरतीसाठी पळणं सतराव्या वर्षी सुरू करणं उशिराचं आहे.

पहाटे जालना-संभाजीनगर रस्त्याच्या कडेने पळणारी मुलं बघितली की ओळखावं, पोलीस भरती जवळ आली. मैदानी चाचणी 50 गुणांची: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. त्यासाठी मोबाइल बाजूला ठेवायला ही मुलं तयार असतात. समोर नोकरी दिसते. पण चार-पाच वर्षं बसून काढलेलं शरीर एकदम डांबरावर आणलं की नडगी धरते, गुडघा सुजतो, आणि पोरं पेनकिलर खाऊन पळतात. हे बघवत नाही. शिवाय बाजूने भरधाव ट्रक जात असतात. मी त्यांना मातीच्या पाणंदीवर पळायला सांगते आणि पहिला महिनाभर पळण्यात चालणं मिसळायला लावते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेला सहा किलोमीटर जायचा, ते चालत-पळतच. पुढे सैन्यात गेला, 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं रौप्य आणि पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेचं सुवर्ण त्याने आणलं. त्याच्या पायांची तयारी भरतीच्या किती आधी सुरू झाली होती, हे मी मुलांना मुद्दाम सांगते.

7. रात्र वाचवा.

या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. पांघरुणात बारा-एकपर्यंत रिल्स बघणारं मूल सकाळी प्रार्थनेलाच डुलतं, मग संध्याकाळी खेळणार कुठून? घराघरात मी एकच गोष्ट मागते: झोपताना मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, सगळ्यांचा. उलटंही खरं आहे. जो संध्याकाळी दमून घरी जातो, तो जेवताजेवताच पेंगतो.

8. मैदान म्हणजे नुसती मोकळी जागा नव्हे.

आमची माती काळी. पावसाळ्यात पाय रुततो, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्या भेगांत पाय मुरगळतो. पाऊस सरला की सराटे पसरतात. अनवाणी मुलांच्या तळव्यातून ते काढण्यात माझा निम्मा वेळ जातो. ज्या मुलाला पहिल्याच दिवशी सराटा टोचतो, ते दुसऱ्या दिवशी येत नाही. सराट्याला काटे धरायच्या आत, फुलं पिवळी असतानाच तो उपटावा लागतो. ते काम आम्ही मिळून करतो. बाकीचं आमच्या हाताबाहेरचं आहे. खो-खोचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद, तेवढ्यावर मुरूम पसरून रोलर फिरवायला फार मोठा खर्च येत नाही. कडेला दिवा हवा, मुलींसाठी आतून कडी लागणारं आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह हवं. पाळीच्या दिवसांत मुली याच कारणाने घरी थांबतात, आणि एकदा थांबलेल्या त्यातल्या काही परत येत नाहीत. गावात सभामंडप, कमानी, वाढदिवसाचे फलक यांना वर्गणी निघते. यंदाची पहिली वर्गणी मुरमाच्या ट्रॉल्यांची निघू द्या. पसरायला आम्ही सगळे आहोत.