अन्नसुरक्षेची पदवी : निवड कशी करावी?

बारावीचे निकाल लागले की कृषी कार्यालयात बियाण्याच्या चौकशीबरोबर आणखी एक चौकशी येऊ लागते. परवा एक द्राक्ष बागायतदार मुलीस घेऊन आले. मुलीस अन्नाची सुरक्षितता व गुणवत्ता या विषयाचे शिक्षण घ्यावयाचे होते. कोणती पदवी घ्यावी, हा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाची मुळे बागायतदारांच्या अनुभवातच आहेत. सन २०१० मध्ये आपली द्राक्षे युरोपात पोहोचली आणि तेथील तपासणीत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अंश सापडल्याने नाकारली गेली. वेलीची शेंडावाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे हे संजीवक. तेथील मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. माल येथून तपासणी होऊनच गेला होता. परंतु तपासावयाच्या रसायनांच्या यादीत हे नाव नव्हते. प्रयोगशाळा जे शोधावयास सांगावे तेच शोधते. म्हणून या क्षेत्रात यंत्र चालविणारा मनुष्य पुरेसा नाही. बागेत केव्हा काय फवारले जाते, हे जाणणारा रसायनज्ञ हवा. शेतकऱ्याच्या मुलामुलींस येथे जन्मतःच थोडी आघाडी असते, असे आमचे मत आहे.

तेव्हा पदवीच्या नावावर भाळू नये. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व संख्याशास्त्र हे तीन विषय तीत किती खोल शिकविले जातात, ते प्रथम पाहावे. परभणी येथील अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून चालू असून तेथे चार वर्षांचा बी.टेक. अभ्यासक्रम आहे. धान्य, दूध, फळे, मांस यांची प्रक्रिया, अन्नरसायन व प्रत्यक्ष कारखान्यातील प्रशिक्षण यांचा त्यात समावेश होतो. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतही अन्न अभियांत्रिकीची पदवी मिळते. मात्र तेथे बारावीस गणित पाहिजे. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी म्हैसूरची केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था आहेच.

नोकरीचा विचारही आरंभीच करावा. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखालील नियमांप्रमाणे अन्नसुरक्षा अधिकारी होण्यास अन्नतंत्र, दुग्धतंत्र, जैवतंत्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, पशुवैद्यक, तसेच कृषिविज्ञान यांपैकी पदवी चालते. म्हणजे कृषी पदवीधरासही हा मार्ग बंद नाही. अन्नविश्लेषक व्हावयाचे असल्यास मात्र बहुधा पदव्युत्तर पदवी, विश्लेषणाचा तीन वर्षांचा अनुभव व पात्रता परीक्षा ही वाट चालावी लागते. घरची आर्थिक तयारी चार वर्षांची की सहा-सात वर्षांची, याचा हिशेब पालकांनी त्यानुसार मांडावा. नव्या आकर्षक नावाचे अभ्यासक्रम पुष्कळ निघाले आहेत; या नियमांतील यादीत ती पदवी बसते की नाही, हे फी भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. नंतर विचारून उपयोग नाही.

प्रस्तुत लेखक कृषी पदवीधर आहे. भुईमुगावरील बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष आम्ही परीक्षेपुरते पाठ केले. धान्यात त्याची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका टनात अवघी १५ मिलिग्रॅम. एवढे अल्प प्रमाण मोजावयाचे कसे, ते मात्र हातांनी कधी केले नाही. पोत्याच्या कोणत्या भागातून नमुना काढावा, हेही नोकरीत आल्यावर शिकलो. आणि नमुनाच चुकला तर पुढची सारी मोजणी व्यर्थ, कारण हे विष पोत्यात सारखे पसरलेले नसते, थोड्या दाण्यांतच साठते.

याकरिता प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालय एकवार स्वतः पाहून यावे. आठवड्यात प्रयोगाचे तास किती, विद्यार्थी स्वतः नमुना काढतात की केवळ पाहतात, प्रशिक्षणास कोठे पाठवितात, हे तेथील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस विचारावे. माहितीपुस्तकापेक्षा ते अधिक खरे सांगतात. त्या बागायतदारांस आम्ही हेच सांगितले. छाटणी आटोपताच बापलेक परभणीस जाणार आहेत.