बिघाडाचा शोध

लोणावळ्याचा पाऊस सर्वांच्या परिचयाचा आहे. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर, सह्याद्रीच्या माथ्याशी हे गाव वसलेले आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग घाट चढून वर येतात, थंड होतात आणि आपला भार येथे रिता करतात. पावसाळ्यात दिवस दिवस सूर्यदर्शन होत नाही. धुके घरात शिरते. दारे फुगतात, आगपेटी सादळते, मिठाला पाणी सुटते आणि उघडी राहिलेली चिक्की मऊ पडते. पूर्वेस कामशेत, वडगाव, तळेगाव या बाजूस जावे तसतसा पाऊस कमी होत जातो. परंतु दमट हवा काही मावळाची पाठ सोडत नाही. अशा हवेत जसे मनुष्याला पडसे होते, तसे यंत्रालाही कधी कधी होते.

समजा, कामशेत येथील एका मुलीने उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या मामांच्या मदतीने घरीच संगणक जुळविला आहे. तयार संगणक न आणता त्यांनी एकेक सुटा भाग विकत घेतला. सर्व भागांना एकत्र जोडणारा फलक म्हणजे मदरबोर्ड. आज्ञा पाळून आकडेमोड करणारा प्रोसेसर. काम चालू असेपर्यंत माहिती धरून ठेवणाऱ्या रॅमच्या दोन पट्ट्या. माहिती कायम साठविणारी डिस्क. आणि घरातील विजेचे संगणकास मानवेल अशा कमी दाबाच्या विजेत रूपांतर करणारा पॉवर सप्लाय. हे सारे एका पेटीत बसविले. मे महिन्यात यंत्र उत्तम चालले.

जुलैत पावसाची झड लागली. आठ-दहा दिवस संगणक बंदच होता. एके सायंकाळी मुलीने कळ दाबली. पंखे फिरू लागले, पेटीवरचा दिवा लागला. परंतु पडदा काळाच राहिला.

“मामा, मदरबोर्ड जळला वाटतं! आता नवा आणावा लागणार,” ती रडवेली होऊन म्हणाली.

मदरबोर्ड हा काही हजार रुपयांचा भाग. घाबरून तो बदलला आणि दोष दुसरीकडेच निघाला, तर पैसे तर गेलेच, शिवाय एक निर्दोष वस्तू कचऱ्यात गेली.

मामा म्हणाले, “अगं, दुकानदाराला विचारण्याआधी आपण यंत्रालाच विचारू. ते काय काय करतं आहे, ते मला आधी सांग.”

यंत्राला वाचा नसते. पण त्याची लक्षणे बोलतात. पंखे फिरत होते, म्हणजे भिंतीतील वीज पेटीपर्यंत पोहोचत होती. तेवढ्याने पॉवर सप्लाय पूर्ण निर्दोष ठरत नाही. तरी भिंतीचे बटण आणि वायर यांवरचा संशय दूर झाला. मग पाळी आली पडद्याची. पडद्याचा दिवा लागलेला होता आणि त्याची वायर योग्य जागी घट्ट बसलेली होती. घरी जुळविलेल्या संगणकात येथेच पुष्कळांची फसगत होते. चित्रासाठी निराळे ग्राफिक्स कार्ड बसविलेले असेल, तर पडद्याची वायर त्या कार्डालाच जोडावी लागते. ती चुकून मदरबोर्डाला जोडली, तर सर्व भाग धडधाकट असूनही पडदा काळा राहू शकतो.

आता यंत्राच्या आत पाहणे प्राप्त होते. संगणक सुरू होताच प्रथम स्वतःची परीक्षा घेतो. प्रोसेसर, रॅम, चित्र दाखविणारा भाग यांना तो जणू हजेरी पुकारतो. कोणी ‘हजर’ म्हटले नाही, तर तो तेथेच थांबतो आणि शिटीसारख्या आवाजाने किंवा मदरबोर्डावरील बारीक दिव्याने तशी खूण करतो. प्रत्येक कारखान्याच्या खुणा वेगळ्या असतात. म्हणून मदरबोर्डासोबत आलेली पुस्तिका जपून ठेवावी. मुलीने पुस्तिका उघडून ताडून पाहिले. पेटलेला दिवा रॅमचा होता.

मामांनी संगणक बंद करून भिंतीतील पिन काढली. मग सुरू करण्याची कळ काही क्षण दाबून धरली. त्यामुळे आत उरलेली वीज निघून जाते. पेटीच्या उघड्या धातूला हात लावून त्यांनी अंगातील स्थिर वीज घालविली. केस कोरड्या कंगव्याला चिकटतात ते ज्या विजेमुळे, तीच ही वीज. आपल्याला ती जाणवतही नाही, पण नाजूक भागांना तिचा एक सूक्ष्म झटकाही मारक ठरतो. नंतर मुलीने रॅमच्या दोन्ही पट्ट्या कडेला धरून अलगद काढल्या. त्यांच्या सोनेरी कडांवर धूळ आणि ओल यांचा पुसट थर दिसत होता. तो तिने मऊ, कोरड्या कापडाने हळुवारपणे पुसला.

“आता दोन्ही बसवू का?” तिने विचारले.

“एकच बसव,” मामा म्हणाले. “एका वेळी एकच बदल करायचा.”

तिने एक पट्टी खाचेत ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसविली. पिन लावून कळ दाबताच पडदा उजळला! मग संगणक पुन्हा बंद करून, पिन काढून, तिने दुसरी पट्टीही बसविली. तरीही पडदा उजळला. म्हणजे पट्ट्या चांगल्या होत्या, खाचा चांगल्या होत्या, मदरबोर्डही चांगला होता. पट्टी आणि खाच यांचा स्पर्श तेवढा नीट होत नव्हता. एक पैसाही खर्च न होता संगणक सुरू झाला.

एका वेळी एकच बदल का करावा? समजा, दुसरी पट्टी बसविताच पडदा पुन्हा काळा झाला असता, तर दोष पट्टीचा की खाचेचा? अशा वेळी तीच पट्टी चांगल्या खाचेत बसवून पाहावी. दोष पट्टीबरोबर गेला, तर पट्टी सदोष. दोष जुन्या खाचेपाशीच राहिला, तर खाच सदोष. परंतु पट्टी, खाच आणि वायर एकदम बदलल्या, तर यंत्र सुरू झाले तरी ते कशामुळे झाले हे कळत नाही. आणि कारण कळले नाही, तर तोच बिघाड पुन्हा आपल्याला फसवितो. म्हणून काय बदलले आणि काय घडले, हे वहीत लिहून ठेवावे.

इतर लक्षणांनाही हीच रीत लागू पडते. संगणकावर काहीच हालचाल नसेल, तर प्रथम भिंतीचे बटण, वायर आणि पॉवर सप्लायच्या मागील बटण पाहावे. यंत्र काही मिनिटे चालून आपोआप बंद पडत असेल, तर पंख्यात धूळ साचली आहे काय, ते पाहावे. फार तापलेला प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी यंत्र बंद करतो. प्रत्येक वेळी तारीख व वेळ चुकत असेल, तर मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी बहुधा संपलेली असते. ती थोड्या पैशांत मिळते.

मात्र धाडसालाही मर्यादा असावी. पॉवर सप्लायची पेटी कधीही उघडू नये. पिन काढल्यावरही तिच्या आत धोकादायक वीज साठून राहू शकते. पेटी उघडण्याचे काम मोठ्या माणसासोबतच करावे. विजा कडाडू लागल्या, की पिन काढून ठेवावी. पावसाळ्यात यंत्र ओल्या भिंतीपासून दूर ठेवावे आणि अधूनमधून सुरू करावे. त्याच्या उबेने आतील ओल जाते.

सुटे भाग जुळवून संगणक उभा करण्याचे हे काम महाराष्ट्रात नवे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण शास्त्रज्ञांनी असाच एक संगणक स्वतः बांधला. 1960 साली तो कामास लागला आणि 1962 साली पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्या प्रचंड यंत्रात सुमारे 2,700 निर्वात नळ्या होत्या. अशा नळ्या दिव्याप्रमाणे तापत आणि कालांतराने निकामी होत. हजारो नळ्यांतून बिघडलेली नळी तर्काने किंवा नशिबाने सापडणे शक्य नव्हते. त्यासाठी क्रमाने शोध घेणेच भाग होते.

कामशेतच्या त्या मुलीनेही तोच क्रम पाळला. त्या रात्री तिने आपल्या वहीत एक ओळ लिहिली, ‘मदरबोर्डावर मी उगाच आळ घेतला होता.’

स्वाध्याय

1. पंखे फिरत होते, यावरून कोणता संशय दूर झाला? कोणता राहिला?
2. ‘एका वेळी एकच बदल करायचा,’ असे मामा का म्हणाले?
3. रॅमची पट्टी सदोष आहे की खाच, हे कसे ओळखावे?
4. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : पाठ न सोडणे, फसगत होणे, ताडून पाहणे, आळ घेणे.
5. घरातील एखादी बंद पडलेली वस्तू मोठ्यांच्या मदतीने तपासा. तिची लक्षणे व केलेली तपासणी क्रमाने वहीत लिहा.