दोन दिवस शटर खाली : दुकानदार नवरा-बायकोच्या छोट्या सुट्टीचा हिशेब



नवीन लग्न आणि नवीन दुकान बऱ्याच घरांत पाठोपाठच येतं. दोघं मिळून दुकान बघतात. सकाळी नऊला शटर वर, रात्री नऊला खाली. बारा तास एकत्र, पण बोलणं काय, तर "तो बॉक्स कुठं ठेवला?", "त्यांचे पैसे आले का?", "सुट्टे संपले." फिरायला जायचा विषय निघाला की एकच उत्तर येतं, "दुकान कोण बघणार?"

आजचा धडा याच प्रश्नावर आहे. दोन दिवसांची सुट्टी ही चैन आहे असं समजून आपण ती पुढं ढकलत राहतो. माझं म्हणणं असं की वर्षाच्या नियोजनात ती भाडं आणि लाइटबिलासारखीच लिहून ठेवायची. त्यातून धंद्याची तपासणीही होते. तुम्ही दोघं दोन दिवस नसलात तर कुठं कुठं अडतं, हे कळलं की धंदा कुठं कच्चा आहे तेही कळतं.

वही-पेन घ्या. आकड्यांपासून सुरू करू.

१. दुकान एक दिवस बंद, म्हणजे नक्की किती गेलं?

समजा तुमचं कापडाचं दुकान आहे. रोजची विक्री ८,००० रुपये. "दोन दिवस बंद म्हणजे सोळा हजार गेले" असं आपण पटकन म्हणतो. हे चूक आहे. माल विकला नाही, तर तो कपाटातच आहे ना? तो कुठं गेला नाही. गेला तो फक्त त्यावरचा नफा.

८,००० च्या विक्रीत माल ५,६०० चा असेल, तर मार्जिन २,४०० रुपये. दोन दिवसांचे ४,८००. भाडं, हेल्परचा पगार, बँकेचा हप्ता हे दुकान उघडं असो की बंद, द्यायचंच आहे. म्हणून ते सुट्टीच्या खात्यात परत मोजायचं नाही. कॉलेजात याला काँट्रिब्युशन म्हणतात. आपण 'हातातून गेलेलं मार्जिन' म्हणू.

आता वर्षाचं बघा. वर्षातून चार वेळा, दोन-दोन दिवस, म्हणजे आठ दिवस.

- गेलेलं मार्जिन : ८ × २,४०० = १९,२००
- फिरण्याचा खर्च, एका वेळचा ६,००० धरला तर : २४,०००
- एकूण : ४३,२००

याला १२ ने भागा. महिन्याला ३,६००. म्हणजे दिवसाला १२० रुपये. चार वेळा जमणार नसेल तर दोनदा जा, आकडा निम्मा होईल. पण "परवडत नाही" म्हणायच्या आधी आपला आकडा काढा. तो बघून 'नाही' म्हटलं तर हरकत नाही. न बघता वर्षानुवर्षं 'नाही' म्हणत राहणं बरोबर नाही.

२. तुमचं गिऱ्हाईक थांबतं का?

सगळ्या धंद्यांना एकच नियम लागत नाही. तीन प्रकार करा.

थांबणारं गिऱ्हाईक : साडी, भांडी, मिक्सर, फर्निचर. लग्नाची साडी घ्यायची आहे ती बाई मंगळवारी दुकान बंद दिसलं तर शुक्रवारी येईल, फक्त कधी उघडणार ते तिला कळलं पाहिजे. इथं खरा तोटा वर काढलेल्या आकड्यापेक्षा कमीच होतो.

न थांबणारं गिऱ्हाईक : दूध, ब्रेड, रोजचा किराणा. ते शेजारच्या दुकानात जातं, आणि तिथं त्याला चांगली वागणूक मिळाली की तिकडचंच होतं. अशा धंद्यात पूर्ण बंद न ठेवता सकाळ-संध्याकाळ तीन-तीन तास कोणीतरी उघडेल अशी सोय करा. मेडिकल असेल तर लक्षात ठेवा, डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय विकता येत नाहीत. तिथं भाच्याला गल्ल्यावर बसवून चालणार नाही.

ऑर्डरचा धंदा : शिलाई, केक, मेस. इथं सुट्टी आधी जाहीर करायची. मेसवाल्यांना खाड्याचा हिशेब पाठच असतो. तुमचे दोन दिवस सगळ्यांना खाडा म्हणून धरा, महिन्याच्या बिलात वजा करा, आठ दिवस आधी सांगा. कोणी नाराज होत नाही. आदल्या रात्री सांगितलं तर मात्र होतात.

३. दिवस कुठला?

नोकरदार माणूस शनिवार-रविवार बघतो. आपण उलट बघायचं. शनिवार-रविवार आपल्या विक्रीचे, आणि त्याच दिवशी हॉटेलंही महाग. मंगळवार-बुधवारी दुकानही थंड आणि खोलीही स्वस्त. गावच्या आठवडी बाजाराचा दिवस मात्र टाळा. पगार होतात तो पहिला आठवडा-दहा दिवस टाळा. महिन्याची वीस ते सत्तावीस तारीख बरी पडते.

मग धंद्याचं कॅलेंडर बघा. कापडाच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. पितृपक्षात बरीच माणसं नवीन कपडे घेत नाहीत, दुकान ओस पडतं. किराणावाल्याचं याच्या उलट, त्याच्याकडं श्राद्ध-पक्षाच्या स्वयंपाकाचं सामान जातं. म्हणजे एकच पंधरवडा एकाचा मंदीचा, दुसऱ्याचा कामाचा.

कराडचं एक कापड दुकान धरा. पितृपक्ष बहुतेक वर्षी सप्टेंबरात येतो. त्याच सुमारास कास पठार फुललेलं असतं. कराडहून सातारा साधारण ५० किलोमीटर, तिथून कास २५ च्या आसपास. शनिवार-रविवारी तिथं गाड्यांची रांग लागते, बुधवारी निवांत. मंगळवारी संध्याकाळी लवकर शटर ओढा, साताऱ्यात मुक्काम. बुधवारी कास, पुढं बामणोलीला शिवसागर जलाशयाच्या काठी. गुरुवारी सज्जनगड आणि ठोसेघर करून रात्री घरी. दोन दिवस, दुचाकीवर किंवा एसटीनं. शुक्रवारी सकाळी दुकान उघडलं की पुढं नवरात्र आणि दिवाळीचा सीझन तोंडावर. त्यात दोघांनाही दीड महिना उसंत नाही, म्हणून त्याच्या आधीची ही विश्रांती कामाची आहे. फक्त अधिक मास येतो त्या वर्षी पितृपक्ष पुढं सरकतो, तेव्हा पंचांग आधी बघा. कासला प्रवेशावर मर्यादा असते, नोंदणी आधी करून ठेवा.

हाच फरक पैशातही दिसतो. मंदीच्या दिवसांत विक्री ५,००० असेल, तर ३० टक्क्यांनी मार्जिन १,५००. आठ दिवसांचे १२,०००. खर्च धरून वर्षाचे ३६,०००, म्हणजे दिवसाला शंभराची एक नोट. नुसते दिवस नीट निवडले की ७,२०० रुपये वाचले.

४. पैसे कुठून काढायचे?

निघायच्या आदल्या रात्री गल्ल्यातून हाताला लागतील तेवढे पैसे काढायचे नाहीत. त्या गल्ल्यात डिस्ट्रिब्युटरचे पैसे असतात, जीएसटीचे असतात, उद्याच्या मालाचे असतात. ते सगळे आपले नसतात.

दुकान एकाच्या मालकीचं असेल, तर मालकानं घरासाठी काढलेले पैसे हे दुकानाचा खर्च नसून उचल असते. सहलीचं बिल दुकानाच्या खर्चात घालायचं नाही. दर महिन्याला घरासाठी एक ठरलेली रक्कम उचला आणि त्यातून सुट्टीचे पैसे वेगळ्या बचत खात्यात किंवा आरडीत टाका. रोज शंभर-सव्वाशे बाजूला काढणं सोपं जातं, एकदम सहा हजार काढणं जड.

आता थोडं अवघड बोलतो. बायको दुकानात रोज आठ तास उभी असते आणि तिच्या नावावर महिन्याला एक रुपयाही पडत नाही, हे मी फार दुकानांत बघतो. "घरचीच आहे" हे कारण सांगितलं जातं. उद्या तिच्या जागी माणूस ठेवला तर त्याला पगार द्यावाच लागेल ना? मग तिचीही रक्कम ठरवा आणि तिच्या खात्यात टाका. हिशेबात ती कशी दाखवायची ते तुमच्या सीएला विचारा. याचा सुट्टीशी संबंध असा, की ज्याच्या हातात पैसे नसतात त्याला "कुठं जायचं?" या प्रश्नावर मत नसतं. मग जाणं होतं ते एखाद्या नातेवाइकाकडं, आणि बायको तिथंही पोळ्याच लाटत असते. ती तुमची सुट्टी झाली, तिची झाली नाही. तसंच सुरतला माल आणायला दोघं गेलात, तर ते कामच. त्याला फिरणं म्हणू नका.

५. रोजची दहा मिनिटं

सुट्टी मिळण्यात सगळ्यात मोठा अडथळा पैशाचा नसतो. दुकानाची माहिती एकाच्याच डोक्यात असते, तो खरा अडथळा. कोणाची किती उधारी, कुठल्या डिस्ट्रिब्युटरचा चेक कधीचा, कुठल्या गिऱ्हाइकाचा ब्लाउज कधी द्यायचा, हे दुसऱ्याला माहीतच नसतं. हा नुसता फिरण्याचा प्रश्न नाही. उद्या एकजण आजारी पडला, बाळंतपण आलं, तर दुकान किती दिवस चालेल?

म्हणून शटर ओढायच्या आधी दहा मिनिटं एकमेकांना दिवसाची अपडेट द्या. एका वहीत पाच ओळी :

१. आजची विक्री : रोख किती, यूपीआय किती
२. आज उधार कोणाला, वसुली कोणाकडून
३. काय संपलं, काय मागवलं
४. कोणाला काय कबूल केलं, कोणत्या तारखेला
५. उद्या कोणाचे पैसे द्यायचे

एक दिवस नवऱ्यानं लिहायचं, एक दिवस बायकोनं. तीन महिन्यांत दोघांपैकी कोणीही एकटं दुकान चालवू शकतं. आणि दुकानाचं बोलणं वहीत संपलं की घरी जेवताना दुसरं काही बोलायला जागा होते.

६. दुकान दुसऱ्याच्या ताब्यात देताना

हेल्पर किंवा भाऊ बसणार असेल तर चार गोष्टी लिहून द्या, तोंडी नको.

- प्रत्येक वस्तूवर किमतीचं लेबल, आणि जास्तीत जास्त किती सूट द्यायची तो आकडा.
- उधारी बंद. द्यायचीच तर वहीत लिहिलेल्या नावांनाच.
- गल्ल्यात सुट्टे मोजून ठेवायचे, रात्री मोजून फोटो पाठवायचा. क्यूआर कोड दुकानाच्या खात्याचाच.
- फोन फक्त दुपारी एक आणि रात्री साडेआठला. त्याशिवाय फोन तेव्हाच, जेव्हा आग, पाणी किंवा चोरी असेल.

ही शेवटची अट तुमच्यासाठीही आहे. तुम्हीच दर तासाला फोन करून "किती झाले?" विचारणार असाल, तर तुम्ही गल्ल्यावरच बसलेले आहात, बायको फक्त शेजारी उभी आहे.

७. पाटी आणि स्टेटस

नुसतं 'दुकान बंद आहे' असं लिहू नका. गिऱ्हाइकाला वाटतं कायमचंच बंद झालं. लिहा : 'बुधवार, गुरुवार दुकान बंद. शुक्रवारी सकाळी ९ वाजता उघडेल.' व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर तुम्ही नसताना आपोआप जाणारा मेसेज लावता येतो, त्यात हेच टाका. गूगलवर दुकानाचं पान असेल तर तिथंही त्या दोन दिवसांची वेळ बदला. लांबून आलेला माणूस बंद शटर बघून परत गेला, तर तो पुन्हा येत नाही.

फिरण्याचे फोटो मात्र घरी आल्यावर टाका. घर आणि दुकान दोन्ही रिकामं आहे हे सगळ्या गावाला त्याच वेळी सांगायची गरज नाही. दुसरी गोष्ट, दुकानाच्या नंबरचं स्टेटस फक्त गिऱ्हाईक बघत नाही. ज्याचं बिल तुम्ही पुढच्या आठवड्यावर ढकललंय, तो डिस्ट्रिब्युटरही बघतो. तिथं हॉटेलातल्या ताटाचा फोटो दिसला तर पुढच्या वेळी तो माल उधार देताना विचार करेल. म्हणून आधी थकबाकी भागवा, मग जा. आणि घरचे फोटो घरच्या नंबरवर, दुकानाचे दुकानाच्या नंबरवर.

या आठवड्याचा गृहपाठ

दोघांनी एकत्र बसून करायचा, एकट्यानं नाही.

१. तुमच्या दुकानाचं एका दिवसाचं मार्जिन काढा.
२. पुढच्या बारा महिन्यांतले सगळ्यात मंदीचे तीन आठवडे कॅलेंडरवर खुणा करा.
३. त्यातल्या एका आठवड्यात दोन दिवस ठरवा आणि तारीख आजच लिहा.
४. जागा कुठली, हे या वेळी बायकोला ठरवू द्या. दुकान तिच्या नावावर असेल तर नवऱ्याला.
५. पाच ओळींची वही आज रात्रीपासून सुरू करा.

नुकतंच दुकान उघडलेल्यांनी लगेच दोन दिवसांची उडी मारू नका. आधी एक अर्धा दिवस बंद ठेवा, जवळच्या देवळात किंवा धरणावर जाऊन या. परत आल्यावर काय काय अडलं ते लिहा. पुढच्या महिन्यात एक दिवस, मग दोन.

महाराष्ट्रातला २०१७ चा दुकान कायदा दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवू देतो, पण कामगाराला आठवड्याची एक सुट्टी द्यायला सांगतो. मालक नवरा-बायकोला सुट्टी द्या असं कुठलाच कायदा सांगणार नाही. ती तुमची तुम्हालाच एकमेकांना द्यायची आहे.

हिशेब करताना कुठं अडलात तर विचारा. भेटू पुढच्या व्हिडिओत.